खाडीत मत्स्यशेती करायची? पिंजरा घेण्याआधी बी, पाणी आणि हक्काचा हिशेब मांडा

समुद्रात पूर्वीइतकी मासळी लागत नाही, डिझेलचा खर्च निघत नाही आणि पोरं मुंबईची वाट धरतात. अशा वेळी किनाऱ्यावरच्या गावात कुणी येऊन सांगतं, "खाडीत पिंजरा टाका, जिताडा पाळा, अनुदान आहे, वर्षात पैसे मोकळे." हे ऐकून बचत गट, मच्छीमार सोसायट्या आणि खाजण जमीन असलेले शेतकरी विचारात पडतात.

या धंद्यात पैसा आहे, ते खोटं नाही. पण ही मासेमारी नाही, शेती आहे. जाळं टाकून रिकामं आलं तर एका फेरीचं डिझेल जातं. पिंजऱ्यातला मासा मेला तर आठ-दहा महिन्यांचं खाद्य, मजुरी आणि कर्ज एकाच रात्रीत जातं. म्हणून जगात आणि आपल्या देशात या शेतीचं काय झालं, कोकणच्या खाड्यांत काय जमू शकतं आणि कुठे फसगत होते, हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे.

जगात पाळलेली मासळी पुढे गेली

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात ९ कोटी ४४ लाख टन मासे, कोळंबी, शिंपले वगैरे पाळून काढले गेले. पकडलेल्या मासळीपेक्षा पाळलेली मासळी जास्त, असं त्या वर्षी पहिल्यांदाच घडलं. एकूण मासळीतला पाळलेल्या मासळीचा वाटा ५१ टक्के झाला.

पण या आकड्यात दोन गोष्टी लपलेल्या आहेत. एक, पाळलेल्या मासळीपैकी साठ टक्क्यांहून जास्त मासळी गोड्या पाण्याच्या तळ्यांतली आहे, म्हणजे रोहू, कटला, पंगस यांसारखी. खाऱ्या पाण्यातली शेती त्या मानाने लहान आहे. दुसरी गोष्ट, जगातलं जवळपास ९० टक्के उत्पादन फक्त दहा देशांत होतं. त्यात चीन, इंडोनेशिया, भारत, व्हिएतनाम, बांगलादेश, नॉर्वे, चिली हे देश येतात. समुद्रकिनारा तर शंभराहून जास्त देशांना आहे. तेव्हा नुसता किनारा असून भागत नाही. बी, खाद्य, रोगाची तपासणी, रस्ता, बर्फ, बाजार आणि पाण्यावरचा हक्क हे सगळं जिथे जुळून आलं, तिथेच ही शेती टिकली.

नॉर्वे, चिली आणि झांझिबारचे अनुभव

नॉर्वेत १९७० च्या सुमारास सामन माशाची पिंजऱ्यातली शेती सुरू झाली. सुरुवातीला रोग यायचे आणि औषधं भरमसाट वापरली जायची. पुढे माशांना लस टोचायला सुरुवात झाली, तशी प्रतिजैविकांची गरज झपाट्याने खाली आली. आज तिथे परवान्याशिवाय पिंजरा टाकता येत नाही. एका पिंजऱ्यात किती मासे ठेवायचे याला मर्यादा आहे आणि एक पीक काढल्यावर ती जागा काही काळ रिकामी ठेवावी लागते, जशी आपण जमीन पड टाकतो. २०१७ पासून तिथला किनारा १३ भागांत वाटलेला आहे. माशांवर पडणाऱ्या समुद्री उवांचा जंगली सामनला किती त्रास होतो, हे बघून त्या त्या भागाला हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा मिळतो. लाल भागात उत्पादन कमी करायला लावलं जातं.

चिलीनेही सामन शेती जोरात वाढवली, पण पिंजरे एकमेकांना खेटून टाकले. २००७ मध्ये एक विषाणू आला आणि एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात पसरत गेला. दोन-तीन वर्षांत त्या जातीच्या सामनचं उत्पादन निम्म्याहून खाली आलं आणि हजारो कामगार घरी बसले. त्यानंतर तिथले नियम बदलले. एका भागातले सगळे पिंजरे एकाच वेळी रिकामे ठेवायची पद्धत तेव्हा आली.

पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटांवर १९८९ पासून समुद्री शेवाळाची शेती होते. ती करणाऱ्या बहुतेक बायका आहेत. ओहोटीला गुडघाभर पाण्यात खुंट्या ठोकायच्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे, असा कमी भांडवलाचा धंदा. पुढे उथळ पाणी तापू लागलं आणि जास्त भाव मिळणारी जात मरू लागली. खोल पाण्यात ती जगते, पण तिथे जायला होडी लागते आणि पोहता यावं लागतं. अनेक बायकांकडे दोन्ही नव्हतं.

नॉर्वेत शिस्त पाळली म्हणून धंदा राहिला. चिलीत हाव नडली. झांझिबारमध्ये हवामान बदललं आणि सगळ्यात गरीब माणूस आधी बाहेर पडला.

आपल्याच देशातली ठेच

१९९० च्या सुमारास आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर टायगर कोळंबीची तळी धडाक्याने खोदली गेली. भातशेतीच्या जमिनी गेल्या, आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या झाल्या, खाडीवर जायच्या वाटा अडल्या. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू रोग आला. त्यावर औषध नाही. तळीच्या तळी काही दिवसांत रिकामी झाली.

तमिळनाडूतले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातली कोळंबीची तळी काढून टाकायला सांगितलं. पारंपरिक आणि सुधारित पारंपरिक पद्धतीला तेवढी सूट ठेवली. ज्याने प्रदूषण केलं त्यानेच भरपाई द्यायची, हेही बजावलं. त्यानंतर २००५ मध्ये तटीय जलकृषी प्राधिकरणाचा कायदा झाला.

२००९ मध्ये वेनामी कोळंबीला परवानगी मिळाली आणि धंदा पुन्हा उभा राहिला. २०२३-२४ मध्ये देशाची सागरी उत्पादनांची निर्यात ६० हजार ५२३ कोटी रुपयांची झाली. त्यात ४० हजार कोटींची नुसती गोठवलेली कोळंबी होती आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा त्याचा धक्का थेट तळ्याच्या बांधापर्यंत आला. एकच जात आणि एकच गिऱ्हाईक असलं की वर्षभर सांभाळलेल्या पिकाचा भाव दुसऱ्याच्या हातात जातो.

कोकणात काय जमू शकतं?

आपल्याकडे हा विषय अगदीच नवा नाही. रायगडात अलिबाग, पेण, उरण पट्ट्यात खाजणातल्या तळ्यांत जिताडा पाळायची रीत जुनी आहे. यजमानाने तळ्यातला जिताडा काढून पाहुण्याला वाढणं हा तिथे मानाचा भाग.

*जिताडा (सिंधुदुर्ग-गोव्यात चोणक):* हा खाऱ्या, मचूळ आणि गोड्या अशा तिन्ही पाण्यांत जगतो. म्हणून खाडीला सगळ्यात सोयीचा. देशात समुद्रातल्या पिंजऱ्याचा पहिला प्रयोग केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००७ मध्ये विशाखापट्टणमला केला, तोही याच माशावर. त्याचा एक दुर्गुण आहे. मोठा जिताडा लहान जिताड्याला खातो. त्यामुळे सुरुवातीच्या काळात दर काही दिवसांनी आकाराप्रमाणे निवड करून वेगळं ठेवावं लागतं. ते केलं नाही तर बी कुठे गेलं ते कळतही नाही.

*कालवं आणि शिनाणे:* यांना खाद्य घालावं लागत नाही. पाणी गाळून त्यातलं बारीक जीवन ते खातात. केरळात कासरगोड जिल्ह्यातल्या पडन्ना गावाच्या खाडीत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बायकांच्या गटांनी दोरीवर शिनाणे वाढवले. दोरीभोवती बी पसरून सुती कापड गुंडाळतात. काही दिवसांत बी दोरीला घट्ट धरतं आणि कापड कुजून जातं. नोव्हेंबर-डिसेंबरात लावायचं आणि पावसाआधी काढायचं. सिंधुदुर्गातही कांदळवनाच्या योजनेतून बचत गटांनी कालवं आणि शिनाण्यांचे प्रयोग केले आहेत.

*चिखलातला खेकडा (चिंबोरी):* दोन प्रकार. कात टाकलेला, मांस न भरलेला खेकडा घेऊन २०-३० दिवस खायला घालायचं आणि भरला की विकायचा, हा एक. पिल्लापासून सहा-आठ महिने वाढवायचा, हा दुसरा. कात टाकल्यावर खेकडा मऊ असतो, तेव्हा दुसरे त्याला खातात. म्हणून लपायला जागा किंवा वेगळे कप्पे लागतात.

अडचण पहिली: पावसाळा

नॉर्वेत डोंगरांमध्ये शिरलेले खोल, शांत समुद्राचे फाटे आहेत. कोकणाला जून ते सप्टेंबर मोकळा समुद्र खवळलेला असतो. साधा पिंजरा तिथे टिकत नाही, म्हणून सगळ्यांची नजर खाडीवर. पण पावसात खाडीचं पाणी वरच्या थरात जवळजवळ गोडं होतं आणि गाळही येतो. जिताडा ते सोसतो, शिनाणे मरतात.

हातात राहतात ते ऑक्टोबर ते मे, असे आठ महिने. बोटभर बी टाकलं तर किलोभराचा जिताडा व्हायला साधारण आठ ते बारा महिने लागतात. इथेच गणित चुकतं. म्हणून बी आधी तळ्यात किंवा छोट्या जाळीत वाढवून, मोठं करून मगच पिंजऱ्यात सोडावं लागतं. ज्या योजनेत ही मधली पायरी नाही, तिथे मासा लहान असतानाच पाऊस येतो आणि मिळेल त्या भावाने विकावा लागतो.

वादळाचाही विचार हवा. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेलं. मासा काढायचा हंगाम आणि वादळाचा काळ एकच आहे. मेच्या अखेरीपर्यंत थांबणं जोखमीचं आहे.

अडचण दुसरी: बी आणि खाद्य

जिताडा आणि खेकड्याचं हॅचरीतलं बी मुख्यतः तमिळनाडूतून येतं. लांबचा प्रवास, त्यात मरतूक. बी उशिरा आलं की वर सांगितलेले आठ महिने आणखी कमी होतात. खाडीतून पिल्लं पकडून पाळायची म्हटलं, तर खाडीतला खेकडा आणि जिताडा कमी होत जातो. तेच पागणाऱ्याचं रोजचं पोट आहे.

खाद्याचं कोडं याहून मोठं आहे. जिताड्याला बारीक मासळी घातली तर एक किलो वाढीला पाच-सहा किलो मासळी लागते. पाच किलो स्वस्त मासळी देऊन एक किलो महाग मासा मिळवायचा, असा हा व्यवहार. बारीक मासळीचा भाव वाढला की नफा आटतो. शिवाय ती मासळी समुद्रातूनच येते. गोळी खाद्य दीड-दोन किलोत काम करतं, पण ते महाग आहे.

अडचण तिसरी: पाणी आणि हक्क

पिंजऱ्याच्या जाळीला शेवाळ आणि बारीक शिंपल्या चिकटतात. जाळी बुजली की पाणी खेळत नाही, पहाटे प्राणवायू कमी पडतो आणि मासे वर येऊन तोंड काढतात. म्हणून जाळी वेळेवर बदलावी लागते. वरच्या बाजूला कारखाना असेल तर एका रात्रीच्या सांडपाण्याने सगळं संपू शकतं. कालवं आणि शिनाणे तर पाण्यातली घाण आणि जड धातू अंगात साठवतात. घाण खाडीतली कालवं खाणाऱ्याच्या जिवाशी येतात.

आणि खाडी कुणाची, हा सगळ्यात नाजूक प्रश्न. सातबाऱ्यावर खाडीचं पाणी कुणाच्याच नावावर नसतं. तरीही तिथे डोल लावणारा असतो, पागणारा असतो, ओहोटीला तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायका असतात. एका गटाने पिंजरे टाकले की होडीची वाट आणि जाळं लावायची जागा जाते. कागदावर नाव नसलेल्याचं नुकसान कुणी मोजत नाही, पण भांडण गावातच होतं. आधी सगळ्यांना बोलावून जागा ठरवली नाही, तर जाळी कापली जाणं आणि मासा चोरीला जाणं हे ठरलेलं.

एक हिशेब करून बघू

समजा, एका पिंजऱ्यात १,००० बी सोडलं. खालचे भाव फक्त समजण्यासाठी धरलेत. आपल्या बंदरावरचे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा.

- बी: १,००० × ३० रुपये = ३०,००० रुपये
- ७०० मासे जगले, प्रत्येकी एक किलो = ७०० किलो
- खाद्य: ३,५०० किलो × २५ रुपये = ८७,५०० रुपये
- राखण, मजुरी, बर्फ, जाळी = ६०,००० रुपये
- एकूण खर्च = १,७७,५०० रुपये
- विक्री: ७०० किलो × ४०० रुपये = २,८०,००० रुपये
- शिल्लक = १,०२,५०० रुपये

आता हाच मासा सगळ्यांनी एकदम मे महिन्यात काढला आणि भाव ३०० वर आला, तर शिल्लक राहते ३२,५०० रुपये. आणि भाव ४०० च राहिला, पण ७०० ऐवजी ४०० मासेच जगले तर? विक्री १,६०,००० रुपये. मेलेल्या माशांनीही काही दिवस खाल्लेलं असतं. खाद्य ५५,००० धरलं तरी खर्च १,४५,००० होतो आणि हातात उरतात १५,००० रुपये. पिंजऱ्याच्या कर्जाचा हप्ता अजून द्यायचाच आहे.

योजना आणि परवाना

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत १०० ते १२० घनमीटरच्या समुद्री पिंजऱ्याचा खर्च पाच लाख रुपये धरलेला आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. म्हणजे स्वतःचे तीन लाख किंवा दोन लाख उभे करावेच लागतात. किसान क्रेडिट कार्ड मत्स्यव्यवसायालाही मिळतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. त्याचा फायदा कर्ज, वीजदर आणि विम्यात कसा मिळतो, ते बँकेत आणि कार्यालयात जाऊन विचारायला हवं.

तटीय जलकृषी कायद्यात २०२३ मध्ये बदल झाला. पिंजरे, शिंपले, समुद्री शेवाळ हे सगळं आता त्या कायद्याखाली येतं. नोंदणी न केल्यास पूर्वी तुरुंगवासाची तरतूद होती, आता दंड आहे. कांदळवन तोडून तळं काढता येत नाही, उच्च न्यायालयाची बंदी आहे. कुणी "आधी साफ करून घ्या, परवानगी नंतर बघू" म्हणत असेल तर गुन्हा जमीनमालकावर दाखल होतो, सल्ला देणाऱ्यावर नाही.

सही करण्याआधी हे विचारा

१. बी कुठून येणार, कोणत्या महिन्यात आणि किती मोठं? वाटेत मेलं तर कुणाचं नुकसान?

२. पाऊस सुरू व्हायच्या आधी मासा विकण्याजोगा होईल का? नाही झाला तर ठेवणार कुठे?

३. अनुदान आधी मिळणार की खर्च केल्यावर? मधले महिने कोण पैसे घालणार?

४. पाण्याची तपासणी झाली आहे का? फक्त हिवाळ्यात नाही, पावसाळ्यातही?

५. ज्या जागी पिंजरा टाकणार, तिथे आज कोण जाळं लावतं, कोण शिंपल्या काढतं? त्यांचं काय ठरलं?

६. विकत कोण घेणार? एकच व्यापारी असेल तर भाव तोच ठरवणार.

७. विमा आहे का? त्यात वादळ आणि रोग दोन्ही येतात का?

माहितीसाठी तालुक्याचे मत्स्यव्यवसाय परवाना अधिकारी आणि जिल्ह्याचं सहायक आयुक्त कार्यालय आहे. रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. कांदळवनाजवळच्या गावांनी कांदळवन प्रतिष्ठानकडेही चौकशी करावी.

पहिल्या वर्षी गटाने एकच पिंजरा किंवा थोड्याच दोऱ्या टाकून बघाव्यात. बी कधी आलं, किती मेले, किती खाद्य लागलं, कितीला विकलं, हे सगळं वहीत लिहून ठेवावं. दुसऱ्या वर्षी कर्ज वाढवायचं की नाही, ते त्या वहीतल्या आकड्यांवरून ठरवता येईल.